खोकं पूर्वेला वळवताना

आमच्या नानांचा आवाज केवढा होता हे सांगायला बसलो की ऐकणारे घड्याळाकडे बघायला लागतात. तरी सांगतो. नाना म्हणजे माझे वडील. लग्नाकार्यात लाऊडस्पीकर लावायचा त्यांचा धंदा. पाचोऱ्याच्या एखाद्या मांडवात ते माईकवर नुसते खाकरले, तरी तिकडे नरडाण्याच्या स्टेशनात उभी असलेली मालगाडी सिग्नल पडला समजून निघून जायची. झाडावर कर्णा ते केवळ रिवाज म्हणून बांधत. कर्ण्यातून गेल्यामुळे त्यांचा आवाज उलट थोडा कमी व्हायचा, असं माझं प्रामाणिक मत आहे.

माझ्या शंभर गोष्टींत दोन खऱ्या असतात, आणि त्या दोन कोणत्या हे ओळखायची जबाबदारी मी आजवर ऐकणाऱ्यावरच टाकत आलो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे ह्याच सवयीनं माझा गळा धरला.

नानांच्या आवाजाचं मुख्य काम म्हणजे आहेर पुकारणं. मांडवात कोणी काय आणलं ते माईकवरून साऱ्या गावाला सांगायचं. "नवरीच्या मामांकडून पितळी घंगाळ" हे ते अशा थाटात म्हणायचे की ओट्यावर उभं असलेलं घंगाळसुद्धा पोट पुढे काढायचं. कोणी बिचाऱ्यानं स्टीलचा एक पेला आणलेला असला, तर नाना त्याचं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव, नदीचं नाव असं सगळं लावून तो पेला एवढा मोठा करायचे की देणाऱ्याला वाटावं, आपण गाव इनाम देऊन आलो. कुणाचा आहेर त्यांनी कधी लहान होऊ दिला नाही. वाढवून सांगायची कला आमच्या घरात आली ती त्यांच्याकडूनच. फरक एवढाच की त्यांच्या वाढवण्यानं दुसऱ्याची इज्जत वाढायची. माझ्या वाढवण्यानं माझी होती तीही गेली.

मागल्या वर्षी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. गळ्याला भोक, त्यावर मलमलीचा पांढरा रुमाल. श्वास तिथून घ्यायचा. आवाज संपला. दवाखान्यातून घरी आल्यावर जळगावच्या त्या घरात एवढी शांतता पसरली की आमचा फ्रिज मधूनमधून थरथरतो हे आम्हाला पहिल्यांदाच कळलं. मग मायनं, म्हणजे माझ्या आईनं, बाजारातून शाळेतल्या पोरांची असते तसली दगडी पाटी आणली. नाना पाटीवर लिहू लागले. लिहू लागले म्हणजे पुकारूच लागले. चहा एवढी दोन अक्षरं लिहायची तरी पाटी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत भरायची.

आणि हात तर त्यांचे आधीपासूनच बोलके. कॉलनीतला एकही मिक्सर, पंखा, इस्त्री अशी नाही की जिच्या पोटात नानांची बोटं गेली नाहीत. लोक बिघडलेली वस्तू आणून समोर ठेवायचे, नाना ती कानाशी धरून हलवायचे आणि पाटीवर रोगाचं नाव लिहायचे. कॉईल गेली. बुश झिजला. तुम्ही पाडला. हे शेवटचं लिहिताना खाली दोन रेघा ओढायचे. आवाज गेला तो हातांत उतरला, असं माय म्हणायची, आणि ते मला पटलं होतं.

मायच्या ट्रंकेत टेपचं एक जुनं चाक आहे, ज्याला स्पूल म्हणतात. शिंदखेडा तालुक्यातल्या एका लग्नात नानांनी आहेर पुकारले ते नवऱ्या मुलाच्या दोस्तानं टेप केले होते, त्याचं. मायचा जीव त्या आहेरांत नाही. मध्येच कुठेतरी नाना तिला हाक मारतात, तिच्यात आहे. त्या काळी बायकोचं नाव माईकवर कोण घेणार? म्हणून नानांनी पुकारलं होतं की बाळाची माय जिथे असेल तिथून मांडवात यावी, बाळानं आभाळ डोक्यावर घेतलं आहे. ते बाळ म्हणजे मी. माझं रडणंही टेपमध्ये आहे म्हणे, आणि माय सांगते की पोट भरलेलं असतानासुद्धा मी असा रडत होतो, जसा काही आठ दिवसांचा उपाशी.

पण स्पूल वाजवायचं मशीन आता कोणाकडे असतं? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझ्या दोघी बहिणी माहेरी येणार होत्या. तोवर नानांचा आवाज घरात वाजला पाहिजे, असं मी मनात घेतलं. मी धुळ्याला राहतो, बियाण्यांच्या दुकानात बसतो, गिऱ्हाईक नसलं की मोबाईल बघतो. बघता बघता जुन्या वस्तू विकायच्या साइटवर एक स्पूलचा टेपरेकॉर्डर दिसला. फोटोत असा चकाकत होता की दुकानातला बल्ब मी बंद केला. विकणारे गृहस्थ दूरच्या शहरातले, हिंदी बोलणारे. मी त्यांना फोनवर तासभर पॅकिंग शिकवलं. म्हटलं, आमच्याकडून केळी जातात, दिल्लीला उतरतात तेव्हा त्यांना प्रवास झाल्याचं आठवतही नाही. तसं बांधा, खाली मऊ, वर मऊ, मध्ये हलायला जागा नको. ते म्हणाले, "जी, जी." त्या 'जी'वर मी विश्वास ठेवला. आयुष्यात दुसऱ्यानं ठेवलेल्या विश्वासाची मी काय गत करतो ते माहीत असूनही ठेवला.

एक अट त्यांनीही घातली आणि कुरिअरवाल्यांनीही: खोकं उघडायच्या आधीपासून व्हिडिओ चालू करायचा, मध्ये कुठे तोडायचा नाही, आणि आत काही फुटलेलं निघालं तर तोच व्हिडिओ पुरावा म्हणून पाठवायचा. मी म्हटलं, हे तर फारच सोपं.

खोकं जळगावच्या घरी आलं. बायकोला घेऊन मी सकाळच्या बसनं गेलो. धुळे-जळगाव रस्ता आता गुळगुळीत झालाय, त्यामुळे खोट्या गोष्टी रचायला एक चांगला विषय कायमचा गेला. घरी पोचलो तर माय ताट घेऊन तयार. हळद, कुंकू, अक्षता, नारळ.

आमच्या घरात नारळाशिवाय यंत्र चालू होत नाही. शिलाई मशीनला फुटलाय, पाण्याच्या मोटारीला फुटलाय, कुकरला फुटलाय. मोबाईलच्या चार्जरपुढे फोडायला निघाली होती, तेव्हा नानांनी, त्यांना आवाज होता त्या काळात, तिला थांबवलं होतं. मी तरी म्हणून पाहिलं की माय, हे जुनं मशीन आहे.

"आपला घरमा तं नवंच शे ना," माय म्हणाली. "नारय फोडाशिवाय हात लावाना नही."

मी मोबाईलवर व्हिडिओ चालू केला. खोक्याला बाहेरून ओरखडा नव्हता, चिकटपट्टी जागच्या जागी. चारी बाजूंनी फिरवून दाखवलं. माय म्हणाली, पाटावर ठेवा आणि तोंड पूर्वेला करा. खोक्याला तोंड कुठलं? मायनं ज्या बाजूला पत्ता लिहिला होता तिला तोंड ठरवलं. एका हातात मोबाईल असल्यामुळे मी बघ्या. बायको आणि माय दोघींनी ते धूड उचलून पूर्वेला वळवलं. मायनं पुठ्ठ्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, अक्षता टाकल्या, शेजारी वरवंटा आडवा ठेवला आणि नारळ नानांच्या हातात दिला. घरातल्या मोठ्याचाच हात लागला पाहिजे. आणि आवाजही त्यांचाच घरी यायचा होता.

नानांनी पहिला घाव घातला. नारळ तसाच. दवाखान्यानं दंडातलं मांस नेलं होतं. दुसऱ्या वेळी त्यांनी दात आवळले, गळ्यावरचा रुमाल श्वासानं फडफडला आणि सगळा जोर लावून हात खाली आला. वरवंटा गोल. नारळ त्याच्यावरून निसटला, हातातून सुटला आणि धप्पकन खोक्याच्या कोपऱ्यावर जाऊन पडला. तिथे तो तडकला. मायला फार आनंद झाला. देवानंच योग्य जागी फोडून घेतला म्हणत तिनं तो उचलला आणि रिवाजाप्रमाणे आतलं पाणी खोक्यावर शिंपडलं, सढळ हातानं.

हे सगळं माझ्या मोबाईलमध्ये. अट पाळून. मध्ये कुठेही न तोडता.

खोकं उघडलं. खाली फोमची एक पातळ गादी आणि बाजूंना वर्तमानपत्रांचे बोळे. 'जी, जी'चा अर्थ एवढाच निघाला. मशीनचं वरचं झाकण तडकलेलं, एका बटणाचे दोन तुकडे, आणि पोटातली मोटर आपल्या जागेवरून सुटून वायरींना लोंबकळत होती, आजारी माणसाचा हात खाटेवरून लोंबावा तशी. नानांनी आत वाकून बघितलं. मग सरळ होऊन खोक्याच्या भिजलेल्या कोपऱ्याकडे बघितलं. मग स्वतःच्या हातांकडे.

आतल्या खोलीत जाऊन त्यांनी शाल पांघरली आणि दोन्ही हात आत घेतले. चैत्रातलं जळगाव. बाहेर असं ऊन की कावळे पायात चपला घालून फिरत होते, आणि नाना शालीत.

मला वाटलं संध्याकाळपर्यंत निवळतील. निवळले नाहीत. कपबशी समोर ठेवली तर उचलेनात. मायनं ओठांना लावली तर पीत. शर्टाची बटणं मायनं लावायची. दाढी वाढली. शेजारच्या बाई पंखा घेऊन आल्या, तर त्यांच्याकडे न बघता नानांनी भिंतीकडे तोंड केलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पाटीला हात लावेनात. खडूसाठी हात शालीबाहेर यायलाच तयार नव्हता. म्हणजे एकदा मुका झालेला माणूस माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्यांदा मुका झाला, आणि ह्या वेळी कोणी डॉक्टरनं नाही, एका नारळानं केला.

मी त्यांच्यापुढे बसून सांगितलं, नाना, तुमच्यानं नाही फुटलं. ते आधीच फुटून आलं होतं. पातळ पॅकिंग, त्यात मोटर रबरावर बसवलेली, रबर वाळलेलं, वाटेत कुणी आपटलं असणार. नारळ पुठ्ठ्यावर पडून पोटातली मोटर सुटते का कुठे?

हे माझ्या शंभरातल्या दोनांपैकी एक होतं. पण नानांनी माझ्याकडे जे बघितलं ते मला ओळखीचं होतं. आमच्या नातलगांच्या शेतातला केळीचा घड उतरवायला क्रेन मागवली होती, हे मी पाहुण्यांना सांगत असताना ते असंच बघायचे. तेव्हा त्या नजरेत हसू असायचं, एवढाच फरक.

माय दारातून म्हणाली, "तू तं सांगशीच. तुनं कवय खरं व्हतं?"

मग मी विचार केला की माझं नाही ना पटत, दुसऱ्याच्या तोंडून वदवून घेऊ. विकणाऱ्या गृहस्थांना नानांसमोरच फोन लावला, स्पीकर चालू केला. बेत असा की ते ओशाळतील, पॅकिंग कच्चं होतं म्हणतील, नाना ऐकतील. गृहस्थ ओशाळले नाहीत.

"भाईसाब, मशीन एकदम चालू हालत में भेजा है," ते म्हणाले. "आपके यहाँ किसी के हाथ से गिरा होगा."

शालीच्या आत हात आणखी घट्ट झालेले बाहेरून दिसले. मी फोन बंद करेपर्यंत नानांनी डोळेही मिटून घेतले होते.

कुरिअरकडे मी व्हिडिओ आधीच पाठवला होता. उत्तर आलं, की व्हिडिओत ग्राहकानं खोक्यावर जड वस्तू आदळल्याचं आणि नंतर द्रव ओतल्याचं स्पष्ट दिसत असल्यानं भरपाईचा अर्ज नामंजूर. फोन केला तर एक मुलगी फार गोड आवाजात तेच वाचून दाखवायची. मी तिला नारळ, कुंकू, पूर्व दिशा सगळं समजावलं. तिनं विचारलं, "सर, नारळ आमच्या पार्सलसोबत आला होता का?"

मला भरपाई नको होती. तसं मी तिलाही सांगितलं आणि ती गोंधळली. मला एक ओळ हवी होती, की मशीन वाटेत फुटलं. कुणीतरी परका, माझा कोणी नसलेला, कधी केळीच्या घडाला क्रेन न लावलेला माणूस असं म्हणायला हवा होता. तेवढी ओळ नानांपुढे धरली असती तर हात शालीबाहेर आले असते. निदान मी तसं धरून चाललो होतो. मी धुळ्याला परतलो होतो तरी मायचा रोज फोन, आणि रोज एकच वाक्य: "बठ्ठा दिन असाच बसेल शेतस." म्हणजे नाना दिवसभर तसेच बसून.

आखाजी जवळ आली होती. मी धुळ्याच्या गोदामात गेलो. आपल्या भागातलं पार्सल आधी तिथे उतरतं आणि मग गावोगाव जातं. हमरस्त्याला लागून पत्र्याची मोठी शेड, आत खोक्यांचे डोंगर. तिथला मॅनेजर तरुण, गळ्यात ओळखपत्राची पट्टी, स्वभावानं वाईट नाही. त्यानं बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि तक्रारीचा नंबर टाकल्याबरोबर त्याचा चेहरा उजळला.

"अच्छा, नारळवाले काका तुम्हीच का?"

व्हिडिओ त्यांनी सगळ्यांनी आधीच बघितलेला होता. तरी त्यानं कॉम्प्युटरवर लावला. गाणी ऐकायला ठेवलेले दोन मोठे स्पीकर त्याला जोडलेले. खोकी उचलणारे चार-पाच जण आपोआप मागे येऊन उभे राहिले. नारळ निसटला तेव्हा सगळे एकदम हसले. मायनं पाणी शिंपडलं तेव्हा एक जण मांडीवर हात मारून खाली बसला. लोकांना हसवायला मी आयुष्यभर घसा फोडला. रस्ता नसलेल्या गावाला बस नेली, विहिरीत मासे नाही तर म्हशी पोहवल्या. आणि इथे एक पोट धरून हसणारा फड आयता समोर होता आणि मला वाटत होतं ह्यांच्यातल्या एकेकाला त्याच्याच पट्टीनं बांधून नरडाण्याला पार्सल करावं. पडद्यावर नानांचा रुमाल फडफडत होता. ते कोणाला दिसलं नाही.

"तुम्हीच बघा ना काका," मॅनेजर डोळे पुसत म्हणाला आणि व्हिडिओ परत पहिल्यापासून लावला.

मी बघितलं नाही. खाली मान घालून बसलो. म्हणून ऐकू आलं. मायचा आवाज आला, तोंड पूर्वेला करा. बायकोचा आला, धरा हं, जड आहे. आणि मग, नारळाच्या कितीतरी आधी, खोकं वळत असताना त्याच्या पोटातून आवाज आला: ढब्.

मी म्हटलं, मागे घ्या. त्यानं घेतलं. पुन्हा ढब्. एखादी जड वस्तू एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला कलंडावी तसा. खोकं वळवायच्या गडबडीत कोणाचं तिकडे लक्ष गेलं नव्हतं, आणि नंतर माझ्या मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरमध्ये हा आवाज मला कधी ऐकूच आला नव्हता. बोटाएवढ्या भोकातून एवढा जाडा आवाज येणार कसा? मोटर तेव्हाच सुटलेली होती. नारळ अजून ताटात होता तेव्हाच.

मॅनेजरनंही ऐकलं. हसणं थांबलं होतं. त्यानं आवाज वाढवून तिसऱ्यांदा ऐकलं, मान हलवली आणि म्हणाला, "असेल काका. पण ते व्हिडिओत दिसलं पाहिजे. ऐकू येऊन आमच्याकडे उपयोग नाही."

"लिहून द्या एवढंच," मी म्हटलं.

"कसं देऊ? मला नोकरी करायची आहे."

त्याचंही खरं होतं. मी भांडलो नाही, याचं बायकोला आजही नवल वाटतं. तिथूनच बस धरली. पारोळा, एरंडोल कधी गेलं कळलं नाही. मोबाईल मी छातीशी असा धरून बसलो होतो की शेजारच्या बाबांना वाटलं आत कोणाची तरी राख आहे.

घरी पोचलो तेव्हा दुपार टळत होती. नाना खाटेवर, शाल, भिंतीकडे तोंड. मी काही बोललो नाही, माझ्या बोलण्याची किंमत मला कळली होती. खाटेखालून त्यांचं जुनं लाऊडस्पीकरचं मशीन ओढलं, फडक्यानं पुसलं. माळ्यावरून कर्णा काढला. त्याच्यातून चिमणीचं घरटं निघालं, ते बाजूला ठेवलं. वायर मोबाईलला जोडायला गेलो तर अशी काही जोडली की कर्ण्यातून म्हैस व्याल्यासारखा हंबरडा निघाला. नानांच्या भुवया हलल्या. हात नाही हलले. वायर काढली, उलटी केली, परत जोडली. मग चालू केलं.

घरभर मायचा आवाज दुमदुमला, तोंड पूर्वेला करा. स्वयंपाकघरातून माय धावत आली, आपण तिथे असताना आपण इथे कशा बोललो म्हणून. धरा हं, जड आहे. ढब्.

नानांनी तोंड वळवलं नाही. मी मागे घेऊन परत लावलं. ढब्.

"काय वाजनं ते?" माय म्हणाली. मी तिसऱ्यांदा लावलं.

तेव्हा शाल हलली. नाना कुशीवर वळले, कोपरावर उठले. उजवा हात बाहेर आला. इतक्या दिवसांनी उजेडात आलेला तो हात मला पांढरा, सुरकुतलेला, ओल्या कपड्यासारखा दिसला. तो मशीनपाशी गेला आणि त्यानं जाड आवाजाचं बटण हळूच उजवीकडे फिरवलं. नानांनी डोळे मिटून घेतले आणि मला बोटानं खूण केली: परत.

ढब्. ह्या वेळी खिडकीची काच थरथरली.

अजून एकदा खूण. अजून एकदा ढब्. मग त्यांनी डोळे उघडले आणि हात पाटीसाठी पुढे केला. मायनं पाटी दिली, खडू शोधायला तिला वेळ लागला, कारण इतक्या दिवसांत तो कोणी बघितलाच नव्हता. नानांनी लिहिलं, नेहमीपेक्षा बारीक, वाकडं:

मोटर.

मग खाली:

वाटेतच सुटली.

माय पाटीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. "म्हंजे यानं बोलनं खरं शे?"

नानांनी मान हलवली. मी ओशाळलो. खरं ठरण्याची मला सवय नाही, तेव्हा चेहरा कसा ठेवायचा असतो ते माहीत नव्हतं. नानांनी पाटी पुसली आणि तिच्यावर एकच शब्द लिहिला, ह्या वेळी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत: पेचकस.

इथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण पेचकस आला आणि पहिलाच स्क्रू त्यांच्या बोटांतून तीनदा निसटला. हात कापत होते. तो कापरा दवाखान्यातला, की शालीतला, की वयाचा, हे त्यांनाही कळत नसावं. ते मधूनमधून थांबून हाताकडे बघायचे, नव्या गिऱ्हाइकानं आणलेल्या वस्तूकडे बघावं तसे. मी स्क्रू उचलायला वाकलो तर त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. मी बॅटरी धरून बसलो. माय दारात उभी राहिली आणि काम सुरू असेपर्यंत आत गेली नाही.

आखाजी आली. बहिणी आल्या, कॉलनीतल्या कडुलिंबाला झोका बांधला, गाणी झाली, आमरस झाला. स्पूल वाजलं नाही. धाकटी जाताना नानांच्या पाटीचा फोटो काढून घेऊन गेली. त्यावर लिहिलं होतं की पुढल्या वेळी. नानांच्या घशाच्या पुढल्या तपासणीची तारीख जवळ आली आहे. तिच्याबद्दल घरात कोणी पाटीवरसुद्धा काही लिहीत नाही.

मोटर मात्र बसली. वाळलेल्या रबराऐवजी नानांनी माझ्या नव्या चपलेची टाच कापून चार गोल तुकडे लावले. नवीच कशाला, मी विचारलं, तर लिहिलं, जुनीत जीव नाही. मोटर फिरते. पण तिच्यावरून चाकाकडे जाणारा रबरी पट्टा वयानं वितळून गुळासारखा झालेला निघाला, आणि ते माप खानदेशात कुठे मिळेना. विकणारे गृहस्थ माझा फोन उचलत नाहीत. शेवटी दुसऱ्या कोणाकडून, दुसऱ्याच शहरातून तो मागवला.

तो परवा आला. हाताच्या पंजाएवढं खोकं. माय ताट घेऊन उभी, ताटात नारळ. वरवंटा मी आदल्या दिवशीच उचलून गच्चीवर ठेवला होता. तिनं ओट्याची पायरी दाखवली, दगडी, सपाट, खोक्यापासून लांब. मी व्हिडिओ चालू केला. माय म्हणाली, तोंड पूर्वेला करा.

नानांनी खोकं वळवलं नाही. दोन्ही हातांत धरून ते कानाशी नेलं आणि हलवलं. डावीकडून, उजवीकडून. आत काही वाजलं नाही. रबर कशाला वाजेल? तरी त्यांनी ते आणखी एकदा, बराच वेळ, डोळे मिटून हलवलं. मग खोकं माझ्या हातात दिलं, पायरीपाशी जाऊन बसले आणि नारळासाठी हात पुढे केला. हात कापत होता. मायनं नारळ त्यात ठेवला आणि आपला हात काढून घेतला.

यातलं काही खोटं वाटलं तर माझ्याकडे व्हिडिओ आहे. आवाज मोठा करून बघा.